मिशी आणि पदर

'ऑडिशन' हा शब्द मराठीत आला त्याला फार दिवस झाले नाहीत. त्याआधी आपल्याकडे नट निवडायचे कसे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आणि जो प्रश्न कुणी विचारत नाही त्याचं उत्तर द्यायलाच माझ्यासारखी माणसं जन्माला आलेली असतात.

तर उत्तर असं, की मराठी रंगभूमीवर नटाची परीक्षा पहिल्यापासून होत आली, पण ती अभिनयाची झाली असं मात्र क्वचितच. कुणाचा गळा पाहिला, कुणाची कंबर पाहिली, कुणाचा वर्ण पाहिला, कुणाची घरची परिस्थिती पाहिली. (ती जितकी ओढगस्तीची, तितका नट कंपनीत टिकाऊ.) अभिनय म्हणजे आगाऊ न कळवता येणारा पाहुणा. आला तर बसा म्हणायचं, नाही आला तर त्याच्यावाचून पंगत अडत नाही.

अगदी आरंभापासून पाहा. १८४२ साली कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचा खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसंच काहीतरी मराठीत करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' झालं, आणि तो दिवस आपण अजून मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. या खेळात पदं म्हणायची ती सूत्रधाराने. नटांनी प्रसंग बघून भाषणं आपल्या मनाने करायची. म्हणजे पाठांतराची परीक्षा नाही, गाण्याची नाही. राक्षस होणाराला तर छाती आणि घसा एवढ्या दोनच गोष्टी लागत. पुढच्या पिढीने या खेळांना 'तागडथोम' म्हणून नाव ठेवलं ते उगीच नाही. त्या पात्रतेची माणसं आज कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत डझनाने मिळतील.

१८५१ साली चिंतामणराव वारले. राजाश्रय सुटला आणि मराठीतली पहिली नाटकमंडळी बाडबिस्तरा घेऊन गावोगाव निघाली. १८५३ साली तिने मुंबईत तिकीट लावून खेळ केले. तिकीट आलं आणि त्याच्या पाठोपाठ तोटा आला. राजवाड्यात तोटा नसतो, फक्त खर्च असतो. तेव्हापासून 'हलाखीत सापडलेली नाटक कंपनी' हे पात्र मराठी रंगभूमीवर कायमचं दाखल झालं. बाकीची पात्रं बदलली, हे बदललं नाही.

पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' आणलं आणि सूत्रधाराच्या गळ्यातलं गाणं नटांच्या गळ्यात उतरलं. त्याबरोबर परीक्षा बदलली. आता पहिला प्रश्न, 'गातोस का?' बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर कंपनीत आले ते गळ्याच्या जोरावर, आणि १८८२ च्या 'सौभद्रा'त सुभद्रा झाले. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली आले आणि शकुंतला झाले. त्यांना सगळा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो. शालू कसा नेसावा, पदर कसा घ्यावा, हे घरंदाज बायका त्यांच्याकडे बघून शिकल्या. शिकवणारा पुरुष, शिकणाऱ्या बायका, आणि विषय लुगडं! असा वर्ग जगाच्या पाठीवर दुसरा भरला असेल असं वाटत नाही.

कंपनीत नट दाखल व्हायचा तो साधारणपणे पोर असतानाच. तालीममास्तर त्याला 'नक्कल' देई. नक्कल म्हणजे त्याच्या वाट्याची भाषणं उतरवून काढलेला कागद. संपूर्ण नाटक कुणाच्या हाती पडत नसे. त्यामुळे समोरचा आपल्यावर प्रेम करतो आहे की आपल्याला मारायला आला आहे, हे पुष्कळ नटांना तालमीतच कळत असेल. कंपनीत कुणाला कुठलं काम मिळेल याचाही नेम नसे. 'एकच प्याला' लिहिणारे राम गणेश गडकरी यांनी सुरुवातीच्या दिवसांत किर्लोस्कर मंडळीच्या दारावर उभं राहून तिकिटं घेतली आहेत. आजकाल नाट्यगृहाच्या दारावरच्या माणसाशी मी फार अदबीने बोलतो, ते याच कारणासाठी.

या सगळ्या परीक्षांत एक परीक्षा मात्र सर्वांत अवघड. मिशीची. स्त्रीपार्ट करायचा तर मिशी काढली पाहिजे, आणि मिशी तर बाप गेल्यावरच काढायची असते. १९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढायला निघाले तेव्हा ते या दोन्ही भिंतींवर आपटले. तारामतीसाठी बाई मिळेना. त्यांनी जाहिराती दिल्या, नाही नाही त्या वस्तीत जाऊन विचारलं. जिथल्या बायका कशालाच नाही म्हणत नाहीत असा लोकांचा समज होता, त्यांनीही सिनेमाला नाही म्हटलं. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा नाजूक बांध्याचा मुलगा त्यांना सापडला. तो महिना दहा रुपयांवर होता, फाळक्यांनी पंधरा दिले, आणि तारामती ठरली. ही माझ्या मते भारतीय चित्रपटसृष्टीतली पहिली ऑडिशन. परीक्षकाने विचारलं काय, तर पगार. मग मिश्यांवरून मंडळींनी कुरकूर केली, ती मिटवता मिटवता फाळक्यांच्या नाकी नऊ आले, आणि ३ मे १९१३ ला चित्रपट लोकांपुढे आला. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता ही दोन्ही कामं केली. स्वतःच स्वतःच्या विरहात झुरणारा नट त्यानंतर झाला नाही, असं म्हणायला मी धजत नाही. पुष्कळ झाले, पण एवढ्या उघडपणे नाही.

फाळक्यांच्या या सगळ्या ओढाताणीवर २००९ साली परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट काढला. पैसे नाहीत, नट नाहीत, पण हौस दांडगी, अशा मंडळीचा हा चित्रपट पाहून लोक पोट धरधरून हसले. मीही हसलो. पण हसताना एक गोष्ट मनात राहून गेली. चित्रपटातल्या, नाटकातल्या सगळ्या गमतीचं मूळ एकच: बाईच्या कामाला बाई नाही.

म्हणजे बायकांचं वावडं होतं असंही नाही. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा उभी राहायची आणि माणसं वेडी व्हायची. हिशेब असा होता, की तमाशात बाई फडावर होती, पण घरच्या बाईला तमाशा बघायची बंदी. नाटक बघायला घरची बाई यायची, पण तिथे बाईला रंगमंचावर जायची बंदी. दोन्हीकडे एकेक बंदी. महाराष्ट्र समतेचा पुरस्कार करतो तो असा.

मग ही भिंत हळूहळू ढासळली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. हीच हरिश्चंद्राची गोष्ट, आणि तीच तारामती. फक्त साळुंक्यांच्या जागी दुर्गाबाई खोटे होत्या. तारामतीला बाई व्हायला एकोणीस वर्षं लागली. १ जुलै १९३३ ला 'नाट्यमन्वंतर'ने 'आंधळ्यांची शाळा' केलं, त्यात ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्मावतीबाई वर्तक होत्या. पुढच्या दोनतीन वर्षांत खुद्द बालगंधर्वांनी चित्रपटात काम केलं, तेही 'धर्मात्मा'त एकनाथमहाराजांचं. पुरुषाचं काम! लोकांना ते पटायला जड गेलं असणार.

इथवर इतिहास संपला असं इतिहासाच्या पुस्तकात लिहितात. पण पुस्तकं पुण्या-मुंबईत छापतात आणि बातमी गावाला पोचायला वेळ लागतो. गावच्या हौशी नाटकात आजही कितीतरी ठिकाणी नायिका बाहेरून येते. गावचे पुरुष महिना-दोन महिने तालमी करतात, आणि नटी प्रयोगाच्या दिवशी दुपारच्या एसटीने उतरते. तिला अशी दहावीस नाटकं पाठ असतात. एका तालमीत ती सगळं बघून घेते, रात्री काम करते, पहाटेच्या गाडीने परत जाते. तिच्या मानधनाला 'नाईट' म्हणतात. नायक दोन महिने ज्या विरहाच्या भाषणाची तालीम करतो, ते संपेपर्यंत तिला दुसऱ्या गावच्या विरहाची वेळ झालेली असते. आपल्या गावच्या लेकीसुनांनी मात्र स्टेजवर यायचं नाही, हा नियम. तो कुठे लिहिलेला नसतो, म्हणून मोडताही येत नाही.

हा नियम मोडताना मी प्रत्यक्ष पाहिला, तो वडगाव रासाईला.

वडगाव रासाई हे शिरूर तालुक्याच्या दक्षिण अंगाला भीमेच्या काठी वसलेलं गाव. नदीच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. देवीचं नाव गावाच्या नावातच आहे, त्यामुळे पत्ता लिहिताना सहज नामस्मरण होतं. चहूकडे ऊस. उसात बिबट्या. पलीकडच्या अंगाला चौफुल्याची कलाकेंद्रं आहेत, आणि याच जिल्ह्यात उत्तरेला नारायणगाव आहे. तिथे जत्रांच्या हंगामाआधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला जातात. तिथली परीक्षा उलटी: नट बसलेले आणि पंच उभे. सांगायचा मुद्दा, या भागातल्या माणसाला कलावंत पारखणं म्हणजे बैल पारखण्याइतकंच परिचयाचं आहे. मत प्रत्येकाला असतं.

माझी आत्या या गावात दिलेली. तिचा मुलगा म्हणजे अण्णा. तो माझ्याहून मोठा आणि गावातल्या यच्चावत समित्यांचा अध्यक्ष. गेल्या वर्षी त्याचा फोन आला.

"नाटक बसवतोय. माणसं निवडायची हायेत. तू पेपरात लिहितोस, तर येऊन बस."

"मला त्यातलं काय कळतंय अण्णा?"

"कळायचं न्हाईच. गावातल्यानं कुणाला नापास केलं तर जन्माचं वैर. तू बाहेरचा. सांजच्या गाडीनं निघून जाशील."

परीक्षकाची निवड कशी होते हेही मला त्या दिवशी कळलं.

नाटक गावातल्याच एका निवृत्त मास्तरांनी लिहिलेलं. विषय, बुडत चाललेली जुनी संगीत नाटक कंपनी. मालकाकडे पैसे नाहीत. आचाऱ्याचा तीन महिन्यांचा पगार थकला आहे, त्यामुळे खरा मालक तोच. सावकार रोज पहिल्या रांगेत फुकट बसतो, नाटक बघायला नव्हे, तारण ठेवलेल्या पडद्यांवर नजर ठेवायला. नायकाला दमा आहे. आणि कंपनीचा एकमेव आधार असलेला पंचेचाळीस वर्षांचा स्त्रीपार्टी नट उद्या कंपनी सोडून जाणार आहे. मास्तरांनी ते फार मजेदार लिहिलं होतं. नाव मात्र ठरायचं होतं. वर्गणी किती जमते ते पाहून ठेवू, असं अण्णा म्हणाला.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं. टेबलामागे मी, मास्तर आणि अण्णा. समोर अख्खं गाव. परीक्षेला किती आणि गंमत बघायला किती, हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण दुसऱ्या प्रकारातले पहिल्या प्रकारातल्यांना मधूनमधून सूचना करत होते.

पहिला उमेदवार आला आणि त्याने थेट छत्रपती संभाजीराजांचं भाषण सुरू केलं. मास्तरांनी त्याला थांबवून सांगितलं, की या नाटकात संभाजीराजे नाहीत. तो म्हणाला, "मग घाला की." दुसऱ्याचा आवाज उत्तम, पण लग्नात नावं पुकारून पुकारून त्याला अशी सवय लागलेली, की प्रत्येक वाक्याच्या आधी तो "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणे. तिसरा स्वतः आलाच नाही. त्याने आपली अदाकारी मोबाइलवर चित्रित करून अण्णाला पाठवली होती, मागे गाणं लावून. अण्णाने ती चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाला, "ह्यो तालमीलाबी असाच यायचा."

मालकाच्या कामासाठी मास्तरांनी एक वाक्य काढून ठेवलं होतं. मालक सावकाराला म्हणतो, "उद्या नक्की देतो." एवढंच. पण त्यात लाज पाहिजे, गोडी पाहिजे, आणि आपण देणार नाही हे दोघांनाही माहीत आहे हेही दिसलं पाहिजे. मला वाटलं, यात पुष्कळ गळतील. अकरा जणांनी ते वाक्य म्हटलं, आणि अकराही जणांनी ते असं म्हटलं की माझ्या अंगावर काटा आला. मी नाट्यगृहात चाळीस वर्षं नाटकं पाहिली, पण इतका खरा अभिनय पाहिला नव्हता. मागे बसलेले सोसायटीचे सेक्रेटरी तर एकाला ऐकून नकळत "बरं, उद्या" म्हणून गेले. उसाच्या बिलाची वाट बघणाऱ्या गावात या कामाला नट शोधायला जाणं म्हणजे भीमेकाठी पाणी शोधायला जाणं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "लाईट आली!" आणि समोरचं गाव उठून पळालं. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज संध्याकाळी येत होती. सगळे मोटारी चालू करायला गेले. जाताना दोघादोघांनी, हातात बॅटरी आणि काठी घेऊन, मोठमोठ्याने बोलत, कारण वाटेत ऊस आणि उसात तो. मास्तर म्हणाले, "शेक्सपिअरला एवढी अडचण न्हवती." मी म्हटलं, बिबट्या नसेल, पण प्लेगने त्याचीही थिएटरं बंद पडत. मास्तरांना जरा बरं वाटलं.

तासाभराने माणसं परत आली. आता उरलं एकच काम, स्त्रीपार्टी नटाचं. नायिकेची चिंता नव्हती, ती पुण्याहून नाईटवर येणार होती. पण हे काम पुरुषाचं. दाढीमिशी सफाचट करून, लुगडं नेसून पुरुषाने उभं राहायचं. अण्णाने विचारलं, "कोण तयार हाय?" व्हरांड्यात इतकी शांतता पसरली, की लांबच्या मोटारीचा आवाज ऐकू आला. एक जण हळूच पुटपुटला, "वडील हायेत माझे अजून." सगळ्यांचे हात आपापल्या ओठांवर गेले. १९१२ साली फाळक्यांपुढे जी मंडळी उभी होती, ती अशीच दिसत असणार.

तेव्हा खांबापाशी उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "मी वाचून बघू का? माझ्या बाबतीत मिशीचा प्रश्न येत न्हाई."

ती गावची आशाताई. म्हणजे घरोघरी जाऊन बाळांची वजनं, लसी, बाळंतिणींच्या नोंदी बघणारी. काखेत रजिस्टर घेऊन ती तास दीड तास तिथे उभी होती. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण ते रेशनकार्डापुरतं. बालगंधर्वांना तरी राजहंस कोण म्हणत होतं! नात्याने ती अण्णाची चुलत भावजय.

अण्णाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो म्हणाला, "वैनी, आपल्यात लेकीसुनांनी बायकांची कामं करायची न्हाईत. तुला ठावं हाय."

"व्हय. पण हे बाईचं काम कुठंय भाऊजी? हे बाप्याचं हाय."

मास्तरांनी टाळू खाजवली. व्हरांड्यात दोन तट पडले. एक म्हणे, लुगडं नेसायचंय म्हणजे बाईचंच काम. दुसरा म्हणे, लुगड्याच्या आत नाटकात पुरुष आहे, तेव्हा काम पुरुषाचं. पहिला म्हणे, पण त्या पुरुषाच्या आत खरी बाई आहे. दुसरा म्हणे, ते नाटकात कुठं लिहिलंय? हायकोर्टातसुद्धा एवढा बारीक कीस पडत नसेल. अखेर प्रश्न आत्याकडे गेला. ती पायरीवर बसून सगळं ऐकत होती. तिचं वय पंच्याऐंशी, आणि गावातलं प्रत्येक नाटक तिने बायकांच्या बाजूला बसून पाहिलेलं.

आत्या म्हणाली, "पुरुसाचं काम हाय नव्हं? मंग पुरुसाला जे चालतंय ते तिला चालंल. वाच गं तू."

आशाताईने रजिस्टर खाली ठेवलं. कागद घेतला. प्रसंग असा: तो नट कंपनी सोडण्याआधी शेवटचं लुगडं नेसतो आहे आणि मालकाशी बोलतो आहे. तिने वाचायला सुरुवात करण्याआधी पदर घेतला, आणि व्हरांड्यातलं हसणं एकाएकी थांबलं.

काय झालं ते मला सांगता येईलसं वाटतं. बाई पदर सावरते तेव्हा तिचं लक्ष भलतीकडेच असतं. चुलीवरच्या दुधाकडे, दारातल्या माणसाकडे. हात आपोआप जातो. पुरुष पदर सावरतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष पदराकडे असतं. आशाताईने पदर घेतला तो असा, अतिशय जपून, निरीला एकदा हात लावून, खांद्यावर एकदा बघून. रोज शंभर वेळा जी गोष्ट ती न बघता करते, ती तिने पहिल्यांदा शिकल्यासारखी केली. आणि समोर एक पंचेचाळीस वर्षांचा, थकलेला, आपल्या कलेचा फार अभिमान असलेला पुरुष उभा राहिला.

मग ती वाचू लागली. आवाज मोठा केला नाही. लुगडं नेसलं की पहिली रांग श्वास धरते आणि ते उतरवलं की घोटभर पाणीही कुणी विचारत नाही, असं काहीतरी तो नट म्हणतो. मास्तरांनी ते हसण्यासाठी लिहिलं होतं. लोक हसलेही, पण जरा उशिराने. पुरुषांनी हसून घेतलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बायका हसल्या नाहीत. आत्या पायरीवरून एकटक बघत होती. ती इतकंच म्हणाली, "पानी द्या रं तिला कुणीतरी."

अण्णा स्वतः उठला आणि तांब्या घेऊन आला. माझ्या देखत चुलतदीराने भावजयीला पाणी दिल्याचा त्या गावातला तो पहिलाच प्रसंग.

निकाल मी जाहीर केला. त्यासाठीच मला आणलं होतं. वैर कुणाशी झालं नाही, उलट मिशी वाचल्याबद्दल तिघांनी माझे आभार मानले.

तालमी दोन महिने चालल्या. विजेची वेळ बदलली की तालमीची बदलायची. पुरुषाने कसं चालायचं हे आशाताईला शिकवायला सगळे एकदम पुढे आले. तिने सांगितलं, की रोज तुमच्या सगळ्यांच्या घरी जाते मी, बघितलंय. तिने अण्णाची चाल उचलली होती. हे अण्णाला प्रयोगापर्यंत कळलं नाही. गावाला पहिल्या दिवशी कळलं.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ च्या नाटकात एक हौशी मंडळी खेळ करायला गावात येते. तिचा एक नट येत नाही, म्हणून गावचा सामंत नावाचा साधाभोळा माणूस साक्षीदार म्हणून उभा करतात. ऐन वेळी बोलायला काही नाही, म्हणून तो हातातल्या कादंबरीतलं वाचून दाखवतो, आणि त्या खोट्या साक्षीतून खरं ते बाहेर पडू लागतं. ते नाटक हसत सुरू होतं आणि फार भयंकर ठिकाणी जाऊन थांबतं. वडगाव रासाईचं नाटक तसं कुठे गेलं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हशाच होता. पण हौशी नाटकातली ही जागा दोन्हीकडे सारखीच आहे. आयत्या वेळी कुणीच नाही म्हणून ज्याला उभं करतात, त्याच्याजवळच नेमकं सांगण्यासारखं काहीतरी निघतं. एरवी त्याला कुणी विचारलं नसतं.

प्रयोगाला बायकांची बाजू आधी भरली. पुण्याहून आलेल्या नटीने आपलं काम चोख केलं. दोघींचा एक प्रवेश होता: कंपनीत नवीन आलेली खरी बाई आणि जाणारा स्त्रीपार्टी. तो तिला पदर कसा घ्यायचा ते शिकवतो. या प्रवेशाला वन्स मोर मिळाला, तोही बायकांच्या बाजूने. आत्याने दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. अण्णाची चाल ओळखू आल्यावर अण्णा पहिल्या रांगेत इकडेतिकडे बघू लागला आणि मग सगळ्यांत मोठ्याने हसला. अध्यक्षाला तेवढं शहाणपण असावंच लागतं.

नाटक संपल्यावर शाळेच्या वर्गात, जिथे रंगपट केला होता, पुण्याची नटी तोंडाला खोबरेल लावून रंग पुसत होती. पहाटेची गाडी गाठायची होती. तिने आशाताईला विचारलं, "चांगलं करतेस गं. तुझी नाईट किती?"

आशाताई लुगड्याची घडी घालत होती. ती म्हणाली, "उद्या नक्की देतो म्हणालेत."

नटीने आपली पिशवी उचलली. "मग झालीस तू नटी," ती म्हणाली.